रीजन्सी रोमान्स प्रकाशित झाली, आता वाचक कुठून आणायचे?

पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसून इंग्रजीत रीजन्सी रोमान्स (एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडात घडणारी प्रेमकथा) लिहिली, ॲमेझॉनच्या केडीपीवर (लेखकाने स्वतःच पुस्तक प्रकाशित करायच्या सेवेवर) चढवली, आणि पहिल्या आठवड्यातल्या प्रती मावशीने, मामेबहिणीने आणि ऑफिसातल्या मैत्रिणींनी घेतल्या. दुसऱ्या आठवड्यापासून विक्रीचा आलेख सपाट. असं झालं असेल, किंवा होईल अशी धास्ती असेल, तर पुढचं वाचा.

या प्रकाराच्या वाचिका (पुरुषही वाचतात, पण कमी) मुख्यतः अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आहेत. त्या भराभर वाचतात, एक पुस्तक संपलं की त्याच रात्री दुसरं उघडतात, आणि काय हवंय ते त्यांना आधीच ठाऊक असतं. ड्यूक हवा, सोयीचं लग्न हवं, शेवट गोडच हवा. रीजन्सी वाचा म्हणून त्यांची मनधरणी करावी लागत नाही. तुमचं पुस्तक त्या शोधताहेत त्याच जातीचं आहे, हे त्यांना बघताक्षणी कळलं पाहिजे. माझ्या मते प्रचाराचं निम्म्याहून अधिक काम पुस्तकाच्या विक्रीच्या पानावरच होतं. म्हणून या लेखात जाहिरातींपेक्षा त्या पानावर जास्त वेळ घालवला आहे. पुस्तक बाजारात आलं असेल तरी हरकत नाही. ई-बुकचं कव्हर, ब्लर्ब (पुस्तकाची ओळख करून देणारा छोटा मजकूर), कीवर्ड (शोधशब्द), किंमत सगळं नंतरही बदलता येतं.

पायरी १: पुस्तकाची जागा ठरवा

रीजन्सी म्हणजे काटेकोर अर्थाने फेब्रुवारी १८११ ते जानेवारी १८२०. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे कारभार बघू शकत नव्हता, म्हणून युवराज रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार बघणारा, झाला. राजा वारल्यावर तोच चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसला. बाजारात मात्र १७९५ च्या आसपासपासून १८३० च्या दशकापर्यंतचं बरंचसं रीजन्सी म्हणून खपतं. तुमच्या कथेत १८४५ साली नायक आगगाडीने लंडनला येत असेल तर ती व्हिक्टोरियन आहे. ती रीजन्सीच्या वर्गात टाकलीत तर पहिल्या चार रिव्ह्यूंपैकी एक तुम्हाला ते सांगेलच.

मग दोन गोष्टी कागदावर लिहा. पहिली, ट्रोप, म्हणजे कथेचा ओळखीचा साचा: सोयीचं लग्न, शत्रुत्वातून प्रेम, खोटा साखरपुडा, बदनामीतून ओढवलेलं लग्न, भावाचा जिवलग मित्र, सुधारलेला छंदीफंदी उमराव. तुमच्या पुस्तकात तीन-चार असतील, पण एकच मुख्य निवडा. दुसरी, शृंगाराची पातळी. चुंबनापाशी थांबणारी कथा, शयनगृहाचं दार लावून घेणारी आणि दार सताड उघडं ठेवणारी, या तिघींच्या वाचिका बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. इथली फसगत त्या सहजी माफ करत नाहीत. सोज्ज्वळ समजून घेतलेल्या पुस्तकात सातव्या प्रकरणात भलतंच निघालं तर एक तारा मिळतो, आणि तितकाच राग उलट्या फसगतीलाही येतो.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक काल्पनिक पुस्तक धरून चालू. साल १८१६. नायिका शार्लट, वय २४, मुंबईत जन्मलेली. वडील कंपनीच्या फौजेतले, असईच्या लढाईत होते. ते वारल्यावर ती लंडनला आत्याकडे येते. नायक व्हायकाउंट (एक उमराव), वॉटर्लूच्या लढाईत जखमी झालेला, आणि आजीच्या मृत्युपत्रामुळे तिसाव्या वाढदिवसाच्या आत लग्न करणं त्याला भाग आहे. मुख्य ट्रोप: सोयीचं लग्न. शृंगार: दार बंद.

पायरी २: कव्हर

इथे हौस बाजूला ठेवा. ॲमेझॉनवर रीजन्सी रोमान्सच्या विक्रीयादीतली पहिली पन्नास कव्हरं एका पानावर चिकटवा आणि तासभर नुसती बघा. सोज्ज्वळ पुस्तकांवर बहुधा एम्पायर वेस्टचा, म्हणजे छातीखालून सरळ सुटणारा, झगा घातलेली तरुणी, मागे हिरवळ आणि गढीवजा घर दिसेल. तिखट पुस्तकांवर मिठीतलं जोडपं, निसटलेला खांदा, नायकाचा उघडा सदरा. विनोदी अंगाची पुस्तकं रंगीत चित्रांची. ही सांकेतिक भाषा आहे आणि तुमच्या कव्हरने ती बोलायची आहे. वेगळेपणा आतल्या पानांत दाखवा.

शार्लटचं कव्हर करताना मागे ताजमहाल किंवा हत्ती घालायचा मोह होईल. घालू नका. पुस्तक लंडनमध्ये घडतं. वाचिकेला झगा आणि बॉलरूम दिसली पाहिजे. खांद्यावर काश्मिरी शाल चालेल, कारण त्या काळात इंग्लंडच्या बायका तिच्यावर जीव टाकत होत्या.

झगा व्हिक्टोरियन घेराचा नको, नायकाच्या अंगात विसाव्या शतकातला टक्सिडो नको. तयार छायाचित्रांच्या साठ्यांत ही सरमिसळ सर्रास असते, आणि या वाचिका पोशाख ओळखतात. एआयने काढलेल्या चित्राबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. केडीपीला त्याची माहिती द्यावी लागते हे तर झालंच, पण रोमान्सच्या वाचकवर्गात त्याबद्दल चीड आहे, आणि पहिल्याच पुस्तकाला ती ओढवून घेण्यात अर्थ नाही. थोडेच पैसे असतील तर ते सगळे कव्हरवर घाला. रीजन्सीसाठी तयार कव्हरं विकणारे बरेच डिझायनर आहेत, आणि नव्याने करून घेण्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडतात.

पायरी ३: ब्लर्ब

आपण मराठी लेखक ब्लर्बमध्ये कथेचा सारांश लिहितो, वर ‘मानवी नात्यांचा हळुवार वेध’ वगैरे घालतो. रीजन्सीचा ब्लर्ब वर्तमानपत्रातल्या स्थळाच्या जाहिरातीसारखा असावा: कोण, काय हवंय, अडचण काय, आणि पुढे चौकशी करावीशी वाटेल एवढंच.

बांधणी सरळ आहे. वर ठळक अक्षरांत एक ओळ, जिच्यात ट्रोप दिसतो. मग नायिकेचा परिच्छेद, मग नायकाचा, मग दोघांना एकत्र अडकवणारा पेच, आणि शेवटी पणाला काय लागलंय ते. आपल्या उदाहरणात वरची ओळ अशी होईल: ‘त्याला तिसाव्या वाढदिवसाआधी बायको हवी. तिला नवरा मुळीच नको, फक्त मुंबईला परतायचं भाडं हवं.’ सोयीचं लग्न हे शब्द न वापरता कळलं, आणि दोघांच्या गरजा एकमेकींना छेद देतात हेही कळलं.

शार्लटचं बालपण, आत्याचा स्वभाव, व्हायकाउंटचे तीन मित्र यातलं काहीही ब्लर्बमध्ये नको. सगळ्यात खाली एक साधी ओळ: ही स्वतंत्र वाचता येणारी कथा आहे, शेवट सुखाचा आहे, शृंगार दाराआड आहे. केडीपी ४,००० अक्षरांपर्यंत जागा देतं, पण ती भरायची सक्ती नाही. मोबाइलवर ‘पुढे वाचा’ दाबायच्या आधी दोन-तीन ओळीच दिसतात, म्हणून सगळा जोर तिथे लावा.

लिहून झालं की इंग्लंड-अमेरिकेतल्या एखाद्या वाचिकेकडून तपासून घ्या. आपल्या इंग्रजीचे खास भारतीय वळसे आपल्याला दिसत नाहीत; ब्लर्बमध्ये त्यातला एक जरी राहिला तरी आतलं १८१६ चं लंडन संशयास्पद वाटायला लागतं.

पायरी ४: वर्ग, कीवर्ड, किंमत आणि सिलेक्टचा निर्णय

केडीपी तीन वर्ग निवडू देतं. एक रीजन्सी रोमान्स हवाच. दुसरा शृंगाराच्या पातळीनुसार, सोज्ज्वळ असेल तर सोज्ज्वळ रोमान्सचा. कीवर्डच्या सात चौकटी असतात, प्रत्येकी ५० अक्षरांच्या. त्यात ‘लव्ह’, ‘बुक’ असे मोघम शब्द वाया घालवू नका. वाचिका शोधताना जे टाइप करते ते घाला: सोयीचं लग्न, जखमी नायक, व्हायकाउंट, भारतातून आलेली नायिका, सगळं अर्थात इंग्रजीत. दुसऱ्या लेखकांची नावं आणि ‘बेस्टसेलर’सारखे दावे तिथे चालत नाहीत.

किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या दरम्यान असेल तरच ७० टक्के रॉयल्टी मिळते, बाहेर गेलात की ३५. म्हणजे ४.९९ ला विकलेल्या प्रतीमागे फाइल पोचवण्याचा किरकोळ खर्च वजा जाता साधारण ३.४० डॉलर हाती येतात, आणि ०.९९ ला विकली तर ३५ सेंट. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये असावं लागतं.

सिलेक्ट म्हणजे नव्वद दिवसांचा एकनिष्ठेचा करार. त्या काळात ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही, मोफतसुद्धा नाही. नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत चालतं. छापील पुस्तकाला ही अट लागू नाही. बदल्यात पुस्तक किंडल अनलिमिटेड या ॲमेझॉनच्या वर्गणीवर वाचायच्या योजनेत जातं आणि वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. दर महिन्याला बदलतो, पानाला अर्ध्या सेंटपेक्षा थोडा कमी असतो. साडेतीनशे पानं कुणी पूर्ण वाचली तर साधारण दीड डॉलर.

दीड डॉलर म्हणजे विक्रीच्या निम्म्याहून कमी, तरी पहिल्या पुस्तकाला मी सिलेक्टच सुचवेन. महिन्याची वर्गणी भरलेल्या वाचिकेला अनोळखी लेखिकेचं पुस्तक उघडून बघायला वेगळे पैसे लागत नाहीत, आणि नवख्या लेखिकेपुढे तीच मोठी अडचण असते. कोबो, ॲपल आणि ग्रंथालयांच्या ॲपवर जायचा विचार तीन-चार पुस्तकं झाल्यावर करा. वॉटपॅड किंवा प्रतिलिपीवर आधी प्रकरणं टाकली असतील तर सिलेक्टमध्ये नोंदवायच्या आधी ती उतरवा, नाहीतर करारभंग होतो.

पायरी ५: आगाऊ प्रती आणि रिव्ह्यू

ही सगळ्यात कष्टाची पायरी, आणि आपल्याकडे हमखास गडबड होते ती इथेच.

पुस्तक प्रसिद्ध व्हायच्या सहा ते आठ आठवडे आधी एआरसी, म्हणजे रिव्ह्यूसाठीच्या आगाऊ प्रती, द्यायला सुरुवात करा. बुकसायरन्स आणि बुकस्प्राउट या सेवा ऐतिहासिक रोमान्स वाचणाऱ्या मंडळींपर्यंत प्रती नेतात. नेटगॅली जास्त महाग आहे. स्वतः जमवलेल्या वाचकांना फाइल पाठवायची तर बुकफनेल सोयीचं. चाळीस-पन्नास प्रती वाटा. निम्म्या जणींनी लिहिलं तरी उत्तम समजा. सिलेक्टमध्ये पुस्तक जायच्या आदल्या दिवशी हे वाटप बंद करा.

पहिल्या आठ-दहा प्रती मात्र त्याही आधी, इतिहासाचा काटा धरणाऱ्या वाचिकांना द्या आणि चुका मागा. ड्यूकला ‘माय लॉर्ड’ म्हटलं (त्याला ‘युअर ग्रेस’ म्हणतात), ड्यूकच्या मुलीचा उल्लेख ‘लेडी’ आणि आडनाव असा केला, एकवीस वर्षांखालच्या मुलीचं बापाच्या संमतीविना लंडनमध्ये परवाना काढून बिनबोभाट लग्न लावलं (म्हणून तर जोडपी स्कॉटलंडच्या ग्रेटना ग्रीनला पळत), अशा चुका रिव्ह्यूत नावानिशी येतात. प्रसिद्धीपूर्वी आल्या तर फुकटात सुटलात.

आता नातेवाईक. ॲमेझॉन कुटुंबीयांचे आणि जवळच्या मित्रांचे रिव्ह्यू चालवून घेत नाही, सापडले की काढतं. पैसे देऊन घेतलेले रिव्ह्यू तर खात्यावरच बेततात. शिवाय अमेरिकेच्या दुकानात रिव्ह्यू लिहायला त्या खात्यावरून गेल्या बारा महिन्यांत किमान ५० डॉलरची खरेदी झालेली असावी लागते, त्यामुळे काकांनी खास उघडलेलं खातं कामाचं नाही. आणखी एक तोटा लेखकमंडळींत बराच बोलला जातो आणि मला तो पटतो: पाककृती आणि शेअरबाजाराची पुस्तकं घेणाऱ्या पन्नास आप्तांनी तुमची कादंबरी घेतली, तर ती नेमकी कुणाला दाखवायची याचा ॲमेझॉनच्या यंत्रणेला चुकीचा अंदाज येतो. आप्तांनी छापील प्रत तुमच्याकडून हातोहात घ्यावी. प्रकाशन सोहळा, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय भाषण हे सगळं जरूर करा, आनंदासाठी करा. त्याला प्रचाराच्या खर्चात धरू नका.

प्रत देताना ‘रिव्ह्यू लिहाच’ किंवा ‘चांगला लिहा’ अशी अट घालायची नाही. आगाऊ प्रत मोफत मिळाल्याचं वाचिकेने रिव्ह्यूत सांगायचं. आणि वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यायचं नाही. कितीही अन्यायकारक असला तरी नाही, गुडरीड्सवर तर अजिबात नाही.

पायरी ६: स्वतःची ई-मेल यादी

ॲमेझॉन तुमच्या ग्राहकांचे पत्ते तुम्हाला देत नाही. दुसरं पुस्तक आलं की पहिल्या वाचिकांना कळवायचं कसं? त्यासाठी न्यूजलेटर. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दुवा द्या आणि बदल्यात काहीतरी मोफत ठेवा. रीजन्सीत सगळ्यात चालणारी गोष्ट म्हणजे पाच-सहा हजार शब्दांचा उपसंहार: लग्नानंतर वर्षभराने शार्लट आणि व्हायकाउंट कुठे आहेत, बाळ झालं का. तो मुख्य पुस्तकात मुद्दाम घालू नका, वेगळा लिहा. मुख्य कथा त्याच्याशिवाय पूर्ण वाटली पाहिजे, नाहीतर वाचिकेला नाक दाबल्यासारखं होतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. फुकट ई-मेल पत्त्यावरून घाऊक पत्रं पाठवली तर ती स्पॅममध्ये जातात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने घाऊक पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले आहेत. स्वतःचं डोमेन घ्या आणि मेलरलाइटसारख्या सेवेत ते पडताळून घ्या. अमेरिकी कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक पत्राखाली टपालाचा पत्ता द्यावा लागतो. घरचा देऊ नका, पोस्टबॉक्स घ्या. महिन्यातून एक पत्र पुरे.

पायरी ७: समाजमाध्यमं, आणि आपल्याकडचा खास मालमसाला

टिकटॉकवरच्या पुस्तकप्रेमींमुळे रोमान्स खपतात हे खरं, पण भारतात टिकटॉकवर जून २०२० पासून बंदी आहे. भारतात असाल तर तो नाद सोडा. तुमच्या एआरसी वाचिकांपैकी कुणी तिथे असेल तर ती आपणहून व्हिडिओ करेल. तुम्ही इन्स्टाग्राम किंवा फेसबुक, एकच काहीतरी धरा. ऐतिहासिक रोमान्सचे वाचकगट फेसबुकवर आहेत, मात्र गटात शिरल्या शिरल्या स्वतःचं पुस्तक पुढे करू नका. बहुतेक ठिकाणी त्यासाठी ठरावीक वार असतो. रेडिटवर तर ते सरळ उडवलं जातं.

चित्रांची ददात नाही. लंडनच्या स्ट्रँडवर दुकान असलेल्या रुडॉल्फ ॲकरमनने १८०९ पासून काढलेल्या मासिकातली रंगीत फॅशनचित्रं, गिल्रे आणि रोलंडसनची व्यंगचित्रं, सगळं कॉपीराइटच्या बाहेर आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइटबाहेरच्या कलाकृतींची आपली छायाचित्रं कुणालाही, व्यापारी कामासाठीसुद्धा, मोफत दिली आहेत. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची चित्रं मात्र न विचारता वापरू नका. व्यापारी वापराला परवाना लागतो.

काय लिहायचं? काळाच्या गोष्टी. फेब्रुवारी १८१४ मध्ये टेम्स नदी गोठली आणि बर्फावर जत्रा भरली, तशी ती शेवटचीच. १५ जून १८१५ च्या रात्री ब्रसेल्समध्ये डचेस ऑफ रिचमंडचा बॉल चालू असताना नेपोलियन चाल करून येत असल्याची बातमी आली; तीन दिवसांनी वॉटर्लू. १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, कारण आदल्या वर्षीच्या एप्रिलात इंडोनेशियातल्या टँबोरा ज्वालामुखीने आभाळ धुरकटून टाकलं होतं. शार्लटला लंडनमध्ये पाऊल ठेवल्यापासून पाऊस आणि गारठाच भेटतो, त्याचं कारण हे. अशी एक गोष्ट, एक चित्र, शेवटी पुस्तकाचा एका ओळीत उल्लेख. दरवर्षी सप्टेंबरात इंग्लंडच्या बाथ शहरात रीजन्सी काळातली कादंबरीकार जेन ऑस्टेन हिच्या नावाचा महोत्सव भरतो, तेव्हा या विषयाकडे लोकांचं लक्ष असतं. जूनमध्ये वॉटर्लूचा दिवस असतो. तुमचे लेख त्या तारखांना जोडा.

‘तुम्ही भारतात बसून रीजन्सी का लिहिता?’ हा प्रश्न कधीतरी येणारच. त्याचं उत्तर आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत पडलेलं आहे. रीजन्सी कथांत जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन सतत डोकावतो, तो आर्थर वेलस्ली असताना २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. युवराज रीजंट झाला त्याच १८११ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्याच्या रेसिडेन्सीत होता. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, आणि तिकडे रीजंटची एकुलती एक मुलगी प्रिन्सेस शार्लट बाळंतपणात गेली ती ६ नोव्हेंबरच्या पहाटे. एकीकडच्या बातमीला दुसरीकडे पोचायला महिने लागले. हा दुवा हजारो रीजन्सी लेखिकांपैकी फार थोड्यांकडे आहे. न्यूजलेटरमध्ये, मुलाखतीत, लेखकाच्या टिपणीत तो हक्काने वापरा. कव्हरवर मात्र झगाच.

टोपणनावाबद्दलही इथेच सांगते. इंग्रजी वळणाचं टोपणनाव घ्यायला काही हरकत नाही, केडीपी ते चालवतं. पण त्याच्यामागे इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये मांजरांसोबत राहणारी बाई उभी करू नका. उघडकीला येतं तेव्हा पुस्तकापेक्षा त्याचीच चर्चा होते.

पायरी ८: प्रसिद्धीचा महिना

ॲमेझॉनच्या नव्या पुस्तकांच्या यादीत पुस्तक तीस दिवस राहू शकतं, म्हणून जोर त्याच महिन्यात लावायचा. आगाऊ नोंदणी ठेवणार असाल तर अंतिम फाइल ७२ तास आधी चढवावी लागते. वाचकवर्ग नसताना महिनोन्‌महिने नोंदणी उघडी ठेवण्यात फायदा नाही. अनलिमिटेडच्या वाचिकांना तोवर पुस्तक उघडताच येत नाही. दोन आठवडे पुरेत.

पहिले तीस दिवस पूर्ण किंमत ठेवा, मग काउंटडाउन डील, म्हणजे ठरावीक दिवसांची सवलत, लावा. सिलेक्टमध्ये तीस दिवस झाल्याशिवाय ती मिळत नाही, आणि त्याआधीचे तीस दिवस किंमतही स्थिर असावी लागते. ती फक्त अमेरिका आणि ब्रिटनच्या दुकानांत चालते, जास्तीत जास्त सात दिवस. मोठा फायदा हा की ०.९९ ला विकूनही ७० टक्क्यांचा दर टिकतो. त्याच आठवड्यात स्वस्त पुस्तकांची ई-मेल पाठवणाऱ्या सेवांवर, म्हणजे फसी लायब्रेरियन, बार्गेन बुक्सी, ईरीडर न्यूज टुडे, ओळीने एकेक दिवस जागा घ्या. सगळ्या एकाच दिवशी नकोत. यातल्या काहींना आधीचे थोडे रिव्ह्यू लागतात. बुकबब या अशाच सेवेच्या मुख्य सवलत-यादीत जागा मिळाली तर चैनच, पण निवड त्यांचे संपादक करतात आणि ऐतिहासिक रोमान्ससाठी खर्च शेकडो डॉलरचा आहे. अर्ज फुकट असतो, करत राहा.

वेळेचा घोळ टाळा. अमेरिकी दुकानाचा दिवस पॅसिफिक वेळेने बदलतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. सकाळी नऊला ‘आजपासून सवलत’ लिहिलंत तर अमेरिकेत पुस्तक अजून जुन्याच किमतीला असतं.

पैसे, जाहिराती आणि गोड ई-मेल

ॲमेझॉनच्या जाहिरातीत क्लिकमागे पैसे जातात. समजा क्लिकला ४० सेंट पडले आणि दहा क्लिकमागे एक प्रत खपली, तर चार डॉलर घालून ३.४० मिळाले. एकाच पुस्तकावर हे गणित क्वचितच जुळतं. मालिकेतली तीन पुस्तकं असतील, आणि पहिलं वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी पुढची घेत असतील, तर तोच खर्च परवडतो. म्हणून पहिल्या पुस्तकावर दिवसाला दोन-तीन डॉलरच्या वर जाऊ नका आणि शार्लटच्या नणंदेला तिचं स्वतःचं पुस्तक द्यायला घ्या. भावंडांच्या मालिका या प्रकारात फार आवडीने वाचल्या जातात.

पुस्तक आलं की ई-मेल सुरू होतील: तुमच्या कादंबरीने भारावून गेलेला बुक क्लब, पुस्तक चित्रपटासाठी सुचवणारा प्रतिनिधी, सगळे हक्क घेऊन जगभर नेणारा प्रकाशक. आतल्या पात्रांची नावंसुद्धा अचूक असतात. शेवटी फी असते. पैसे तुमच्याकडून मागणाऱ्याला उत्तर देऊ नका, आणि एकरकमी पैशांसाठी हक्क देऊन टाकू नका. खुद्द ऑस्टेनने पहिली कादंबरी १८११ मध्ये स्वतःच्या जोखमीवर छापून घेतली आणि पहिल्या आवृत्तीवर १४० पौंड कमावले. पुढच्या कादंबरीचे, जी सर्वांत गाजली तिचे, हक्क मात्र ११० पौंडांना विकले, आणि नंतरच्या आवृत्त्यांचं तिला काहीच मिळालं नाही.

भारतात राहत असाल तर केडीपीच्या कर-मुलाखतीत पॅन क्रमांक देऊन भारत-अमेरिका कराराचा लाभ मागा. अमेरिकेतल्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कापले जातात. ते इथल्या करातून वळते करायला वेगळा फॉर्म लागतो, सीएला आधीच सांगून ठेवा.

नव्वद दिवस भरत आले की डॅशबोर्ड उघडून वाचलेली पानं बघा. विक्री जेमतेम असूनही पानं रोज वाचली जात असतील तर पुस्तक योग्य हातांत पडलंय. सिलेक्टमध्ये राहा आणि दुसऱ्या पुस्तकाची तारीख ठरवा. जाहिरातीवर क्लिक येतात पण विक्री नाही आणि पानंही नाहीत, तर ब्लर्ब बदला. क्लिकच येत नसतील तर कव्हर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे थांबा. बाहेर पडायचं ठरवलंत तर आपोआप नूतनीकरणाची खूण मुदतीआधी काढायला विसरू नका, नाहीतर आणखी नव्वद दिवस तिथेच.